प्रश्नागणिक चौकोन

व्हर्लीन पेटवेने फळ्यावर पहिला चौकोन काढला तेव्हा तिचा हात स्थिर होता. चाळीस मिनिटांनी फळ्यावर तेवीस चौकोन झाले होते, आणि बाण इतके, की कुठला कुठून निघाला आणि कुठे गेला हे तिचं तिलाही सांगता येईना.

"हे काय आहे, बाई?" टोबियस मेबरीने विचारलं. तो प्रोग्रॅम लिहिणारा, तिच्याच वयाचा, आणि थट्टेशिवाय त्याला जेवण पचत नसे. "बारा चर्चनी मिळून विकत घेतलेली मोठी पातेली आळीपाळीने वापरायची, एवढंच होतं ना चिठ्ठीत? मला तर इथे अख्ख्या अलाबामाची वीज चाललेली दिसतेय."

"तूच विचारलंस ना, एकाच रविवारी दोघांनी एकच पातेलं मागितलं तर? म्हणून हा चौकोन."

"बरं. आणि हा?"

"मिस्टर श्रींनी विचारलं, पातेलं हरवलं तर काय."

मिस्टर श्री म्हणजे मी. श्रीधर हे नाव इकडच्या जिभेला जड, म्हणून पहिल्याच वर्षी त्याचं एवढंच शिल्लक राहिलं. मी माहितीसाठे सांभाळतो. बर्मिंगहॅममध्ये मला सव्वीस वर्षं झाली.

"आणि हा कोपऱ्यातला?"

व्हर्लीनने वाकून त्या चौकोनाकडे पाहिलं. "हा कशाला काढला ते नाही आठवत," ती म्हणाली. आम्ही सगळे हसलो. तीही हसली, पण लगेच पाठ करून फळा पुसायला लागली, आणि आधीच कोरा झालेला कोपराही पुसतच राहिली.

आमचं काम रक्तपेढीचं. राज्याच्या उत्तर भागातल्या एकेचाळीस रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या पुरवायच्या. पिशवी कुठे आहे, कुणासाठी राखली आहे, कधी शिळी होणार, हे सगळं एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं. घर बांधण्याआधी कुणीतरी नकाशा काढतो, तसा सॉफ्टवेअरचाही काढावा लागतो: कुठला भाग काय करील, कोण कुणाशी बोलेल, आणि काय मोडलं तरी काय चालू राहायला हवं. हा नकाशा काढणारा तो आर्किटेक्ट. सव्वीस वर्षं ते काम हार्लन स्ट्राउडने केलं. तो निवृत्त झाला आणि जागा व्हर्लीनला मिळाली. अकरा वर्षं तिने उत्तम प्रोग्रॅम लिहिले होते. त्यातला एकही कधी रात्री-अपरात्री कोसळला नव्हता. पण दुसऱ्याने आखून दिलेली खोली नीट बांधणं वेगळं आणि कोरा फळा समोर असताना सगळ्यांच्या देखत "भिंत इथे" असं म्हणणं वेगळं.

तिची खोड अशी, की कुणी काही विचारलं की तिला वाटायचं, आपलं चुकलं. मग ती चुकीवर एक चौकोन डकवायची. प्रश्नागणिक चौकोन. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, आणि नकाशाचा जीव जायचा.

खरं तर तिला सवड असती तर हे हळूहळू सुटलं असतं. पण त्या वसंतात एकच पिशवी दोन रुग्णालयांना कबूल झाली होती. देवाच्या दयेने दोन्ही रुग्ण वाचले. दुसऱ्यासाठी ऐनवेळी शेजारच्या गावातून रक्त आलं. पण जुनं सॉफ्टवेअर बदलायचं हे त्याच दिवशी ठरलं. आमचे संचालक प्रेस्टन लॅकी यांनी व्हर्लीनला बोलावून सांगितलं, "सहा आठवडे देतो. नवा आराखडा मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर मांडा. पटला तर काम तुमचं. नाही पटला तर अटलांटाची कंपनी तयार आहे, त्यांचे कागद माझ्या टेबलावर आलेत."

"आणि नाही पटला तर मी?" तिने विचारलं.

"तुम्ही चांगल्या प्रोग्रॅमर आहातच की," लॅकी म्हणाले. त्यांनी ते धीर देण्यासाठी म्हटलं होतं. तिला ते टाचणीसारखं लागलं.

हार्लन निवृत्त झाला होता, पण दर गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसात यायचा, फक्त तालमीसाठी. ही तालीम त्यानेच चालू केलेली. तो घरून चिठ्ठ्या लिहून आणायचा. एकेका चिठ्ठीत एकेक बनावट गिऱ्हाईक: पातेली वाटून घेणारी बारा चर्च, मासे पकडण्याच्या स्पर्धेचे गुण मोजणारी मंडळी, तीन गावांत मिळून एकच अग्निशामक गाडी. एकाने चिठ्ठी उचलायची, चाळीस मिनिटांत आराखडा काढायचा, बाकीच्यांनी तळलेला मांजरमासा आणि कोबीची भाजी खात खात त्याच्यावर प्रश्नांचा मारा करायचा. शेवटी एका कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या: काय ठरलं, का ठरलं, आणि त्यापायी काय सोसावं लागेल.

व्हर्लीनच्या कागदावर तिसऱ्या जागी नेहमी दोनच शब्द असायचे: "काही नाही." हार्लन त्यांच्याभोवती लाल पेनने गोल काढायचा.

"पोरी," तो म्हणायचा, "'काही नाही' फक्त स्वर्गात असतं. इथे खाली प्रत्येक गोष्टीला काहीतरी मोजावं लागतं. तू काय मोजलंस?"

"मी कुणाचंच काही अडवलं नाही, मिस्टर हार्लन."

"तेच तर. ज्याने कुणाचंच अडवलं नाही, त्याने काही ठरवलंच नाही."

त्या दिवशी पातेल्यांचा फळा पुसल्यावर ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. "मला एक कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही लोक विचारता तेव्हा तुमचं बरोबरच असतं. मग मी नाही कशी म्हणू?"

मी गाडीचं दार उघडलं. मी म्हटलं, "रविवारी चर्चमध्ये भेटू."

हे एक सांगायला हवं. माझं लहानपण कीर्तनं ऐकण्यात गेलं. इथे आल्यावर कान उपाशी पडले होते. मग एकदा व्हर्लीनच्या आईने मला तिच्या चर्चमध्ये नेलं, आणि तिथल्या धर्मोपदेशकाने साध्या बोलण्यातून हळूहळू चढत जाऊन शेवटी प्रवचन गायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. देव एकच, आणि त्याला आळवायची रीतही फार वेगळी नाही, असं वाटलं. तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार मी मागून तिसऱ्या बाकावर असतो. जवळच्या बायका माझ्यासाठी उशी ठेवतात.

त्या रविवारी लिनवुड क्रम्पचं परीक्षेचं प्रवचन होतं. लिनवुड पोस्टमन. वीस वर्षं टपाल वाटून पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला देवाची हाक आली होती. अशा माणसाला तिथे एकदा सगळ्या मंडळींपुढे उभं करतात. बोलू शकला तर पुढे शिकायला मोकळा. सगळं चर्च भरलेलं, लिनवुडची बायको पहिल्या बाकावर रुमाल घट्ट धरून बसलेली.

त्याने एक वाक्य घेतलं होतं: "पत्ता चुकला नव्हता, दार बंद होतं." म्हणजे देवाचा निरोप तर बरोबर घरी आला, आपणच कडी लावून बसलो. सुरुवात बरी झाली. मग तो कुठल्यातरी आडवाटेला गेला, आणि तिथे त्याचे शब्द संपले.

"सावकाश, भाऊ, सावकाश!" मागून एक म्हातारा ओरडला.

लिनवुडने कपाळ पुसलं. पुन्हा दोन वाक्यं बोलला, पुन्हा अडला.

"देवा, त्याला सांभाळ!" एक बाई म्हणाली. त्या चर्चमध्ये ही हाक आली की समजायचं, बोलणारा बुडतोय.

माझ्या शेजारी व्हर्लीनने डोळे मिटून घेतले. "आता तो काहीतरी नवीन जोडणार," ती पुटपुटली.

पण लिनवुड गप्प उभा राहिला. निदान अर्धा मिनिट. मग त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि पुन्हा तेच म्हणाला, "पत्ता चुकला नव्हता." आणि थांबला. "दार बंद होतं," लोक म्हणाले. बस्स. तिथून तो चढला. आजीच्या आजारपणावर गेला आणि तिथून परत त्या वाक्यावर आला. भावाशी झालेल्या भांडणावर गेला आणि परत त्याच वाक्यावर आला. चौथ्यांदा आला तेव्हा त्याने ते गायलं, ऑर्गनवाल्याने मागून सूर धरला, आणि अख्खं चर्च उभं राहिलं. आमच्याकडे बुवा कितीही लांब हिंडून आले तरी टाळ ध्रुपदावरच पडतो, अगदी तसं.

बाहेर पायऱ्यांवर केकच्या कागदी बशा हातात घेऊन आम्ही उभे होतो. मी म्हटलं, "एवढे लोक ओरडत होते, पण कुणाच्या ओरडण्यापायी त्याने प्रवचनात नवीन गोष्ट घातली नाही, पाहिलंस?"

"मी असते तर प्रत्येकासाठी एकेक घातली असती," ती म्हणाली. मग बशीतला तुकडा तसाच ठेवून थोड्या वेळाने म्हणाली, "त्याच्याकडे परत यायला एक वाक्य होतं. माझ्या आराखड्याला वाक्यच नाही, मिस्टर श्री. नुसते चौकोन आहेत."

पुढचे चार दिवस तिने एकही चौकोन काढला नाही. मी तिला तीन वर्षांच्या तक्रारी काढून दिल्या, आणि ती त्या एकेक करून वाचत बसली. उशिरा पोचलेली पिशवी, हरवलेली नोंद, रागावलेले डॉक्टर. त्यातली प्रत्येक तक्रार तिने एका वाक्यात लिहिली, आणि त्यांचे ढीग केले. बहुतेक ढिगांबद्दल माणसं चिडली होती. एकाच ढिगात, एकच पिशवी दोघांना कबूल झाल्याच्या, कुणी मरता मरता वाचलं होतं. गुरुवारी ती माझ्या टेबलाशी आली आणि कागदाचा कपटा ठेवून गेली. त्यावर लिहिलं होतं: "एक पिशवी, एक वचन."

त्या दुपारी अग्निशामक गाडीची चिठ्ठी तिच्या वाट्याला आली. तिने चारच चौकोन काढले आणि हाताची घडी घालून उभी राहिली. टोबियसने विचारलं, दोन गावांत एकदम आग लागली तर? "नाही," ती म्हणाली. "ते या आराखड्यात नाही." मी विचारलं, गाडी दुरुस्तीला गेली तर? "नाही." हार्लनने विचारलं, तुझं हे यंत्र ज्या इमारतीत आहे तिलाच आग लागली तर?

"नाही," व्हर्लीन म्हणाली.

"इमारत तुझी परवानगी घेऊन जळणार काय?" टोबियस म्हणाला, आणि हसता हसता त्याच्या तोंडचा घास खाली पडला.

हार्लन मात्र हसला नाही. "परवापर्यंत तू सगळ्यांना हो म्हणत होतीस, आज सगळ्यांना नाही म्हणालीस. दोन्हींत ऐकणं कुठे आहे?" तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. "प्रश्न दोन जातींचे असतात. एक म्हणतो, मला हेही हवं. दुसरा म्हणतो, तुझं हे इथे मोडतंय. पहिल्याला नाही म्हणता येतं. दुसऱ्याला नाही म्हटलंस तर पूल पडतो. आणि तुझा आत्मविश्वास किती आहे, हे पडणारा पूल विचारत नाही."

"दोन्ही ऐकताना सारखेच वाटतात, मिस्टर हार्लन."

"सुरुवातीला वाटतात."

"मग ओळखायचं कसं?"

"शंभरदा चुकून."

"माझ्याकडे तीन गुरुवार राहिलेत."

हार्लनने डोकं खाजवलं. "मग मंगळवारी माझ्या घरी ये. आणि शनिवारीही. माझ्या बायकोला माझा तसाही कंटाळा आलाय."

ती गेली. पुढच्या तीन आठवड्यांत तिने चौदा आराखडे काढले. हार्लनच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, गोड चहाच्या पेल्यांच्या ओल्या गोलांमध्ये. माशांच्या स्पर्धेचा आराखडा सपशेल फसला. अंत्यविधीच्या गाड्यांचा आराखडा इतका सुरेख जमला, की हार्लनच्या बायकोने, डोरिंडाबाईंनी, तो फ्रिजच्या दाराला लावला. त्यानंतरचा पुन्हा फसला. पण तिसऱ्या जागेचं लिहिणं बदलत गेलं. "काही नाही" गेलं आणि "सकाळची पहिली दहा मिनिटं आकडे जुने दिसतील" आलं. मग "दोन गावांत एकदम आग लागली तर एक गाव थांबेल, कुठलं, ते माणसाने ठरवायचं" आलं. हार्लनचा लाल पेन कमी चालू लागला. ती मला एकदा म्हणाली, "आता प्रश्न आला की मी मनात आधी विचारते, हा मागतोय का दाखवतोय? दहातले सहा बरोबर ओळखते."

"सहा म्हणजे बरेच," मी म्हटलं.

"उरलेले चार रक्ताचे असले तर?" ती म्हणाली.

सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी दहाला मोठ्या खोलीत नऊ माणसं बसली. लॅकी मध्यभागी. डाव्या हाताला रक्त पोचवणाऱ्या गाड्यांचा प्रमुख, बक डेनली, ज्याचं पोट टेबलाला टेकत असे. दाराजवळ प्रयोगशाळेतल्या ओफिलिया ग्रिग्ज, रात्रपाळी संपवून निळ्या कोटातच आलेल्या, हातात कागदी पेल्यात कॉफी. त्या आमच्याकडे येण्याआधी डोंगराकडच्या एका लहान रुग्णालयात एकोणीस वर्षं होत्या. मी मागच्या भिंतीशी बसलो होतो. हार्लनला बोलावणं नव्हतं. तो आता बाहेरचा माणूस.

व्हर्लीनने फळ्यावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एक पिशवी, एक वचन. खाली पाच चौकोन. मग ती बोलू लागली. प्रत्येक पिशवी कुणाला द्यायची, याचं वचन एकाच जागी दिलं जाईल, इथे, आपल्या केंद्रात. दुसरं कुणीही ते देऊ शकणार नाही. बाकी सगळे भाग विचारतील आणि सांगितलेलं करतील. वीस मिनिटं ती बोलली. आवाज सुरुवातीला बारीक होता, पण अडला नाही.

लॅकींनी पहिला प्रश्न केला. "ठीक आहे. पण आपली प्रत्येक गाडी या क्षणी कुठे आहे ते मोठ्या पडद्यावर हलताना दिसायला हवं. विश्वस्त येतात तेव्हा दाखवायला. अटलांटावाल्यांच्या आराखड्यात ते आहे."

व्हर्लीनचा हात पेनाकडे गेला. तिने पेन उचललं, त्याचं टोपण लावलं, आणि ते परत खाली ठेवलं.

"नाही, मिस्टर लॅकी. या आराखड्यात ते नसेल."

"का?"

"त्याने एकही पिशवी दोघांना जायची थांबत नाही. आणि ते चालू ठेवायला जेवढं यंत्र लागेल, तेवढ्याने वचनाचं काम मंदावेल. पुढच्या वर्षी वेगळं करता येईल. यात मिसळायचं नाही."

"मग मी विश्वस्तांना दाखवू काय?"

"या वर्षी किती पिशव्या दोघांना कबूल झाल्या तो आकडा दाखवा. तो शून्य असेल."

"आमेन," बक डेनली म्हणाला. "आणि माझी पोरं गाडी चालवताना कुठे बर्गर खायला थांबतात, ते विश्वस्तांना नाही दिसलं तरी चालेल." खोलीत हशा पिकला. लॅकींना हसू आलं नाही, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

आणखी तीन प्रश्न आले. एकाला तिने हो म्हटलं, दोघांना नाही, आणि प्रत्येक वेळी पेनाने वरची ओळ दाखवली. मला लिनवुड आठवत होता. मला वाटलं, झालं, जिंकली.

तेव्हा ओफिलियाबाईंनी कॉफी खाली ठेवली. "मला एक सांग, पोरी. समज, मी अजून डोंगराकडच्या त्या जुन्या रुग्णालयातच आहे. मार्चमध्ये वादळं येतात. तिकडची फोन-इंटरनेटची लाइन पडते, कधी सहा तास, कधी दोन दिवस. माझ्या फ्रिजमध्ये चार पिशव्या आहेत. समोर ट्रकखाली सापडलेला माणूस आहे. वचन फक्त तुझ्या केंद्रात. मी ते मागू कुठे?"

व्हर्लीन फळ्याकडे वळली. आधीची व्हर्लीन असती तर तिने तत्क्षणी एक चौकोन काढला असता: लाइन पडली तर चालवायचं जादा यंत्र. अग्निशामक गाडीच्या दिवशीची व्हर्लीन असती तर म्हणाली असती, ते या आराखड्यात नाही. ही नुसती उभी राहिली. एवढा वेळ, की बकने खुर्ची सरकवली आणि लॅकींनी घड्याळ पाहिलं. माझ्या तोंडून, अगदी बारीक आवाजात, "देवा, तिला सांभाळ" निघून गेलं. शेजारच्या हिशेबनीसबाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

"मिस ओफिलिया," व्हर्लीन शेवटी म्हणाली, "आज लाइन पडली तर तुम्ही काय करता?"

"आज? पिशवीवरची चिठ्ठी फाडते, वहीत चिकटवते, पिशवी देते. माणूस टेबलावर असतो गं. मी कुणाची वाट बघू?"

"आणि देण्याआधी कुणाला विचारत नाही."

"पिशवी माझ्या हातात असते."

"पिशवी तुमच्या हातात असते," व्हर्लीन सावकाश म्हणाली. मग तिने डस्टर उचललं आणि फळ्यावरचा मधला चौकोन, ज्यावर सगळा आराखडा उभा होता तो, पुसून टाकला.

लॅकी पुढे वाकले. "म्हणजे आराखडा चुकलाय?"

"हो. इथे चुकला होता." तिचा आवाज हलला नाही. "वचन एकच, हे बरोबर होतं. ते केंद्राने द्यायचं, हे चूक. ज्याच्या हातात पिशवी, वचन त्याचं." तिने उरलेल्या चार चौकोनांमध्ये बाण नव्याने काढले. "पिशवी आपल्या फ्रिजमध्ये आहे तोवर वचन आपण देऊ. बकच्या गाडीत चढली की आपल्याला तिच्यावर बोलायचा हक्क नाही. मिस ओफिलियांसारख्या कुणाच्या हातात पडली की हक्क त्यांचा, लाइन असो वा नसो. केंद्राने फक्त मागायचं. पिशवी एका वेळी एकाच हातात असते, म्हणून वचनही एकच राहतं."

ओफिलियाबाईंनी मान डावीकडे कलती करून फळा पाहिला. "हं," त्या म्हणाल्या. "एक डबा कमीच झाला की."

"आता यापायी काय सोसायचं ते सांगते," व्हर्लीन म्हणाली. "लाइन पडली असेल तेव्हा केंद्रातला आकडा जुना असेल, आणि पडद्यावर तसं लिहिलेलं असेल. आपल्याला वाटेल तिकडे दोन पिशव्या आहेत, आणि त्या वापरून झालेल्या असतील. गाडी आणायला जाईल आणि रिकामी परत येईल."

"म्हणजे फुकट फेऱ्या माझ्या माथी," बक म्हणाला.

"हो, तुझ्या माथी. महिन्याला पाच-सहा, असा माझा अंदाज आहे. तो चुकू शकतो, पण मी लिहून देते."

"पाच-सहा?" बकने पोटावर हात ठेवला. "सध्या वीस होतात, आणि लिहून कुणीच देत नाही."

लॅकी पेनाने टेबलावर टकटक करत राहिले. "अटलांटावाल्यांनी या खोलीत दीड तास सादर केलं," ते म्हणाले. "मिस ओफिलिया, तुम्ही त्यांनाही वादळाचं विचारलं होतंत."

"विचारलं होतं. त्यांनी त्याच्यासाठी एक यंत्र दाखवलं. मग मी विचारलं ते यंत्र बंद पडलं तर. त्यांनी त्याच्यासाठी दुसरं दाखवलं. मग माझी बस आली आणि मी घरी गेले."

हशा ओसरेपर्यंत लॅकी थांबले. "त्या दिवशी मला ते फार आश्वासक वाटलं होतं," ते म्हणाले, आणि वहीत पुन्हा काही लिहिलं. "चार रुग्णालयं. नव्वद दिवस. अटलांटाला 'नको' असं मी अजून कळवणार नाही. नव्वद दिवसांनी आकडे बघू. तोवर काम तुमचं, मिस पेटवे."

"कुठली चार?"

"ते तुम्ही सांगा."

"डोंगराकडची," ती म्हणाली. "जिथे लाइन सगळ्यात जास्त जाते ती."

"सोपी घ्यायची सोडून?"

"सोपी घेतली तर नव्वद दिवसांनी आपण होतो तिथेच असू, सर."

लॅकींनी मान हलवली, कागद गोळा केले आणि गेले. खोली रिकामी होऊ लागली. व्हर्लीन खुर्चीत बसली. टोबियस दारातून डोकावला. "काय गं, जिवंत आहेस?"

"नव्वद दिवस आहे," ती म्हणाली.

ओफिलियाबाई अजून बसल्याच होत्या. "ती वही," त्या म्हणाल्या, "मी जुन्या जागेहून येताना एक भरलेली घेऊन आले होते. कशाला आणली कोण जाणे, टाकवली नाही. खाली माझ्या कपाटात आहे. तुला कधी बघायची असली तर—"

"आत्ता बघू?"

"आत्ता? मी रात्रभर उभी आहे, पोरी. आणि साडेअकराची बस चुकली की दुसरी एक वाजता."

"मी गाडीने घरी सोडते तुम्हाला."

आम्ही खाली गेलो. ओफिलियाबाईंनी कपाटातून एक फुगलेली, कडा काळ्या पडलेली वही काढली. पानोपानी चिकटवलेल्या चिठ्ठ्या, शेजारी वेळ, आणि कुणाची ना कुणाची आद्याक्षरं. व्हर्लीन स्टुलावर बसली, पाचेक पानं उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही चिठ्ठी एकदा काढून परत चिकटवलीय. का?"

ओफिलियाबाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि समोरचं दुसरं स्टूल पायाने ओढून घेतलं.

"पिशवी परत आली होती," त्या म्हणाल्या. "कधीकधी परत येते. ते तुझ्या आराखड्यात नाही धरलंस ना तू?"

"नाही," व्हर्लीन म्हणाली, आणि खिशातलं पेन काढलं. "सांगा."